अम्मीच्या फोनची बॅटरी

आमच्या घराण्यात सगळ्यांत जुना फोन अम्मीचा. २०२० साली टाळेबंदी उठून दुकानं उघडली, तेव्हा अकोल्यातूनच घेतलेला. त्याआधी तिच्याकडे बटणांचा फोन होता आणि त्यावर ती खूश होती. पण त्या वर्षीचा रमजान आणि ईद दोन्ही आम्ही अमरावतीत आणि ती अकोल्यात अशी गेली. शंभरेक किलोमीटरचं अंतर, पण जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास लागत होता. ईदच्या दिवशी ती फोनवर म्हणाली, "आवाज ऐकू येतो, तोंड दिसत नाही." त्यावर आम्ही तिला पडद्याचा फोन घेऊन दिला.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं नवरा-बायको. एकाची ती आई, दुसरीची सासू, हाक दोघांचीही 'अम्मी'. आमच्यापैकी एकजण शाळेत विज्ञान शिकवतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे घडलं त्यात ही गोष्ट जास्तच लाजिरवाणी ठरते.

अम्मी अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पलीकडे राहते. अब्बूंनी बांधलेलं घर सोडून ती अमरावतीला यायला तयार नाही. चौदा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. रोजे सोडायलाही तयार नाही. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या, सहरी चुकवायची नाही असं बजावलं आणि साखर ७० च्या खाली गेली तर त्याच क्षणी रोजा सोडायचा, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. तिने मान हलवली. अम्मीने मान हलवली म्हणजे काय, ते घरातल्यांना ठाऊक आहे.

म्हणून रमजानमध्ये आमचा नेम ठरलेला. पहाटे सव्वाचारला आम्ही फोन करायचा, ती "उठले" म्हणणार, मग सहरीनंतर साखर मोजून आकडा सांगणार. शेजारच्या खालाजान त्यांच्या घरी, आम्ही आमच्या घरी, आणि मध्ये हा फोन. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार तेही त्याच फोनवरच्या मोहल्ल्याच्या ग्रुपमध्ये कळतं. अकोल्यात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, रमजान २ मार्चला सुरू झाला. १४ मार्चला धुळवडीची सुट्टी आली, तिला लागून शनिवार-रविवार. आम्ही मुलांना घेऊन अकोल्याला गेलो. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू असा तो रस्ता. २०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्यावर पंचाहत्तर किलोमीटरचं डांबरीकरण साडेचार दिवसांच्या आतच, १०५ तास ३३ मिनिटांत करून जागतिक विक्रम केला होता. तेव्हापासून आमचा धाकटा गाडीत दर वेळी मिनिटं मोजतो.

हा धाकटा तेरा वर्षांचा. आजीच्या फोनवर वरच्या बाजूला अपडेटची सूचना किती महिन्यांपासून लटकली होती कोण जाणे. अम्मी ती बोटाने बाजूला सारायची, माशी हाकलावी तशी. तराबीहला आम्ही गेलो असताना त्याने आपल्या फोनचं हॉटस्पॉट लावलं आणि आजीचा फोन अपडेट केला. एक झालं की दुसरं आलं, तेही केलं. अँड्रॉईड दहावर असलेला फोन रात्रीतून बारावर गेला. मग सगळी ॲप्सही नवी करून टाकली. सकाळी मोठ्या अभिमानाने म्हणाला, "दादी, तुमचा फोन नवा करून दिला." अम्मीने त्याला ईदीची आगाऊ पन्नासची नोट दिली.

रविवारी आम्ही परतलो. सोमवारी अम्मीची तक्रार आली, फोन गरम होतो. मंगळवारी म्हणाली, "जोहरपर्यंत अर्धी बॅटरी संपते." आधी हाच फोन रात्रीपर्यंत टिकायचा. आम्ही फोनवरूनच उपाय सांगितला, बॅटरी सेव्हर लाव. तिने लावला. संध्याकाळी तिच्या अजानच्या ॲपने मगरिबची अजान दिलीच नाही. मशिदीची अजान घरात ऐकू येते म्हणून बरं. बॅटरी सेव्हर हे मागे चालणाऱ्या ॲप्सना झोपवूनच वीज वाचवतं, त्यात अजानचं ॲपही झोपलं. विज्ञानाच्या शिक्षकाला हे आधी सुचायला हवं होतं.

आणखी एक सल्ला आम्ही दिला, तो जास्त महाग पडला. फोन गरम होतो म्हटल्यावर आम्ही तिला सांगितलं, रात्री चार्जिंगला लावून झोपू नकोस, स्फोट होतात. ती घाबरली. रात्री चार्जरची पिन काढून ठेवू लागली.

२० मार्चच्या रात्री झोपताना तिच्या फोनवर ३४ टक्के दिसत होते. हा आकडा तिला अजून पाठ आहे. तेवढे सकाळपर्यंत पुरतील असं तिला वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

२१ तारखेला, जुम्याच्या पहाटे सव्वाचारला आम्ही फोन लावला. बंद. चार वीसला, चार पंचवीसला, साडेचारला. बंद. खालाजानचा फोन वाजत होता, पण उचलत नव्हतं कुणी. पुढे कळलं की त्यांची लहान नात रात्रभर तापाने फणफणत होती, म्हणून त्यांनी आवाज बंद करून ठेवला होता. पाच वाजले. आमच्या ताटात पोळ्या तशाच पडल्या होत्या. माणसाच्या मनात त्या अर्ध्या-पाऊण तासात काय काय येतं ते इथे लिहीत नाही. ज्यांचे आई-वडील दुसऱ्या गावी एकटे राहतात, त्यांनी ते कधी ना कधी अनुभवलेलं आहे.

फज्रच्या अजानेने अम्मीला जाग आली. तोवर सहरीची वेळ संपली होती. खालाजानने तिला पाहून आम्हाला कळवलं. आम्ही म्हटलं, आज रोजा ठेवू नकोस, आजाऱ्याला सवलत आहे, नंतर कजा कर. तिने खालाजानच्या फोनवरून सांगितलं, "मेरेकू कुछ नै हुआ, तुम अपनी सहरी देखो." आमचीही सहरी राहिलीच होती.

अस्रनंतर तिला घाम फुटला, हात थरथरू लागले. खालाजानने साखर मोजली, ५६. त्यांनी तिचं काही न ऐकता साखरेचं पाणी पाजलं. आम्ही जुम्याची नमाज झाल्यावरच गाडी काढली होती, पण मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्यावर ट्रक उलटलेला, तिथे तास गेला. पोहोचलो तेव्हा ती पलंगावर बसून खजूर साफ करत होती आणि आम्ही इफ्तारीला काय खाणार हे विचारत होती.

आता राग कुणावर तरी निघायला हवा होता.

तो निघाला एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानदारावर. जानेवारीत अम्मीच्या फोनची चार्जिंगची पिन ढिली झाली होती. ती घरापासून दोन गल्ल्या सोडून असलेल्या एका दुकानात स्वतःच बदलून आली. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, एक काच, एक दिवा आणि चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा. त्याचं नाव इथे लिहीत नाही. रात्री आम्ही दोघं बोलत बसलो आणि बोलता बोलता आमचं ठरूनच गेलं. जानेवारीत त्याने फोन उघडला, मार्चमध्ये बॅटरी बसली, म्हणजे त्याने ओरिजिनल काढून डुप्लिकेट टाकली. बाजारात असं होतंच, आम्ही ऐकलं होतं. अपडेटचा विचार आमच्या मनात आला नाही असं नाही. पण अपडेट आपल्या पोराने केलं होतं.

शनिवारी सकाळी आम्ही दोघंही गेलो. दुकानात एक वयस्क काका हातात हिरव्या कव्हरचा फोन घेऊन स्टुलावर बसले होते आणि एक बाई मुलीला घेऊन रिचार्जसाठी उभ्या होत्या. आम्ही त्यांच्यासमोर बोललो. आवाज चढवून बोललो. "म्हाताऱ्या बाईला फसवलंस, तिच्या जिवावर बेतलं असतं," असंही आमच्यातल्या एकाच्या तोंडून गेलं. दुसऱ्याने अडवलं नाही.

पोरगा काही क्षण नुसता पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, तुमच्यासमोर उघडतो. तुम्हीच पाहून घ्या."

त्याने गरम हवेने मागचं झाकण सैल केलं, प्लास्टिकच्या पातळ पत्तीने उचललं. आत बॅटरी होती. कंपनीची छापील पट्टी, कंपनीचं चिन्ह, तयार झाल्याची तारीख २०२० ची, आणि कडेने लावलेला कारखान्याचा गोंद कधीही न हललेला. ती मधोमध किंचित फुगलेली होती, चांगली भाजलेली पोळी फुगायला लागते तशी. त्याने बोट न लावता दाखवलं. "हात नका लावू. दाबली तर पेट घेते." मग खालच्या आवाजात, "मी खालाले तेव्हाच सांगितलं होतं, बॅटरी गेली आहे म्हणून."

आम्ही काय केलं? आमच्यातला एक म्हणाला, "बरं, असेल. गैरसमज झाला." तेही अशा आवाजात, की शेजारच्या काकांना ऐकू गेलं नसेल. नवी बॅटरी टाकून घेतली, साडेआठशे रुपये दिले आणि निघालो. तोवर काका उठून गेले होते.

त्या संध्याकाळी अम्मीने पानदानातून एक चिठ्ठी काढून दिली. पान ती आता खात नाही, पण महत्त्वाचे सगळे कागद त्याच पितळी पानदानात असतात. जानेवारीची पावती होती. चार्जिंग पिन, दोनशे रुपये. खाली पेनने लिहिलं होतं: 'बॅटरी कमजोर, बदलणे.' अम्मी म्हणाली, "तुम्ही खर्चावरून बोलाल म्हणून नाही सांगितलं." आम्ही तिला खर्चावरून कधी बोललो होतो ते आठवत बसलो. आठवलं.

अमरावतीला परत आल्यावर धाकटा दोन दिवस गप्प होता. सगळं आपल्यामुळे झालं हे त्याला कळलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याने वकिली सुरू केली. "अब्बू, कंपन्या मुद्दाम करतात. जुना फोन अपडेटने खराब करतात, म्हणजे लोक नवा घेतील." ही गोष्ट तुमच्याही घरात कुणी तरी म्हणालं असेल. म्हणून आम्ही ती नीट पाहिली, आणि तिच्यात तथ्य अजिबात नाही असं आढळलं नाही.

सगळ्यांत गाजलेलं प्रकरण ॲपलचं. २०१७ च्या जानेवारीत त्यांनी आयफोनसाठी एक अपडेट दिलं. त्याआधी आयफोन ६ आणि ६एस हे फोन बॅटरी शिल्लक दाखवत असतानाच अचानक बंद पडत होते. अपडेटनंतर बंद पडणं कमी झालं, पण फोन मंदावले. का मंदावले हे ग्राहकांना स्पष्ट सांगितलं गेलं नाही. डिसेंबरमध्ये एका वापरकर्त्याने लिहिलं की बॅटरी बदलताच आपला जुना आयफोन पुन्हा पळू लागला. कॅनडात फोनचा वेग मोजण्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जॉन पूल यांनी हजारो फोनांचे आकडे मांडून दाखवले की हा योगायोग नाही. तेव्हा कंपनीने मान्य केलं. बॅटरी जुनी झाली की फोन बंद पडू नये म्हणून आम्हीच वेग कमी करतो. २८ डिसेंबर २०१७ ला जाहीर माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचे दर उतरवले. भारतात साडेसहा हजारांवरून दोन हजारांवर, कर वेगळा. २०१८ च्या मार्चमध्ये बॅटरीची तब्येत किती टक्के उरली हे दाखवणारी सोय फोनमध्ये आली. फ्रान्सने पुढे २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला, तो फोन मंद केल्याबद्दल नव्हे, ग्राहकांना न सांगितल्याबद्दल. इटलीने २०१८ मध्येच ॲपलबरोबर सॅमसंगलाही दंड केला होता, जुन्या फोनवर जड अपडेट लादल्याबद्दल.

हे परदेशातलंच आहे असंही नाही. आपल्याकडे विकल्या गेलेल्या गुगलच्या पिक्सेल ४ए या फोनला २०२५ च्या जानेवारीत एक अपडेट आलं आणि बऱ्याच फोनांची बॅटरी एका रात्रीत निम्म्यावर आल्यासारखी झाली. ते अपडेट बॅटरी पूर्ण भरूच न देणारं होतं. बॅटरी गरम होऊन धोका होऊ नये म्हणून, असं कंपनीचं म्हणणं, आणि नुकसान सोसलेल्यांना बॅटरी बदलून देण्याची किंवा पैशांची तयारी तिने दाखवली. त्याच वर्षी जुलैत पिक्सेल ६ए वरही तसंच घडलं, चारशे वेळा चार्ज झालेल्या बॅटऱ्यांसाठी.

तेव्हा धाकट्याला आम्ही म्हटलं, तुझी बाजू अगदीच खोटी नाही. पण दादीच्या फोनला ती लागू होत नाही. त्याने विचारलं, मग अपडेटच्या आधी तोच फोन रात्रीपर्यंत कसा टिकत होता?

याचं उत्तर देताना आम्हाला खेड्यातला मोटारपंप कामाला आला. वऱ्हाडात ज्याने ओलिताचे दिवस पाहिले आहेत त्याला माहीत आहे. रात्री वीज येते, सगळ्या विहिरींवरचे पंप एकदम सुरू होतात आणि घरातला दिवा मिणमिणतो. तार तीच, वीज तीच, पण एकदम ओढ वाढली की दाब पडतो. तार जुनी, गंजलेली असेल तर आणखीच. बॅटरीचंही तसंच. लिथियम-आयन बॅटरी ही रसायनांची पेटी आहे. दर चार्जिंगला ती थोडी झिजते. साधारण पाचशे वेळा पूर्ण भरली-रिकामी झाली की मूळ ताकदीच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. झिजते तशी तिच्या आतली अडचण वाढते, म्हणजे वीज बाहेर यायला वाट अरुंद होते. फोन हळू काम करत असेल तोवर हे कळत नाही. अचानक जास्त वीज मागितली की दाब कोसळतो आणि ३४ टक्के दाखवणारा फोनही बंद पडतो. तो आकडा तरी काय, फोनचा अंदाजच असतो. बॅटरी म्हातारी झाली की अंदाज चुकू लागतो.

आणि अपडेटनंतरचे पहिले काही दिवस फोन जास्तीची वीज मागतोच. नवी प्रणाली प्रत्येक ॲप नव्याने जुळवून घेते, हजारो फोटो पुन्हा चाळून त्यांची यादी करते. नव्या फोनमध्ये हे एका-दोन रात्रींत आटोपतं. अम्मीच्या बत्तीस जीबीच्या फोनमध्ये जागा पाऊण जीबी उरली होती. बाकी सगळ्यात 'जुमा मुबारक'ची चित्रं. आम्ही मोजली नाहीत, पुसताना बोट दुखलं एवढं खरं. शिवाय अजानची ॲप्स एक नव्हे, तीन निघाली. एक आम्ही टाकलेलं, एक नणंदेच्या मुलाने, एक खालाजानच्या सुनेने. तिन्ही आपापल्या परीने अम्मी कुठे आहे याचा रात्रंदिवस शोध घेत होती. अम्मी तर घरातच होती.

बॅटरी मुळात पाच वर्षांत एवढी का खचली, तर त्याचं कारण अकोल्याच्या हवेत आहे. फोन शून्य ते पस्तीस अंशांच्या हवेत वापरा, त्यापेक्षा जास्त उष्णतेत बॅटरीची ताकद कायमची कमी होऊ शकते, असं ॲपल स्वतःच सांगतं. दुसऱ्या कंपन्यांचाही बहुधा असाच सल्ला. आता अकोल्यात मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो, मे महिन्यात पंचेचाळीस ओलांडतो. अम्मीच्या स्वयंपाकघरावर टीन आहे. फोन कुठे असायचा, तर गॅसच्या शेजारच्या फळीवर, कारण चार्जिंगचा बोर्ड तिथेच. दुपारी टिनाखाली, गॅसजवळ, चार्जरला लावलेला, वर कपड्याची खोळ. अशी पाच उन्हाळ्यांची शिक्षा त्याने भोगली होती. अपडेटने त्याला मारलं नाही. आधीच खंगलेल्याच्या डोक्यावर पोतं ठेवलं.

तेव्हा अपडेट करूच नये का? असं आम्ही म्हणत नाही. व्हॉट्सॲपच पाहा, २०२५ च्या जानेवारीपासून फार जुन्या अँड्रॉईडवर ते बंद झालं. पेन्शन, बँक, गॅसचं बुकिंग सगळं ज्या फोनवर आहे त्याला चोरांपासून वाचवणारी दुरुस्ती अपडेटमधूनच येते. फक्त म्हाताऱ्या माणसाच्या एकमेव फोनवर ते करायचं तर आपण पुढचे तीन-चार दिवस तिथे असताना करावं, आधी जागा मोकळी करावी. आठवडा उलटूनही बॅटरी पडत राहिली तर सेटिंगमध्ये कोणतं ॲप किती खातं ते पाहावं. आणि झाकण उचललेलं, पडदा वर आलेला दिसला तर फोन चार्जिंगला लावणं तिथेच थांबवावं. फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नये, दुरुस्तीवाल्याकडे किंवा कंपनीच्या केंद्रावर द्यावी. २०२२ पासून वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी नियमाने कंपन्यांवरच आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळही सुरू केलं. साडेआठशे रुपयांत पाच वर्षांचा फोन पुन्हा धावतो हे पाहिल्यावर असा हक्क किती कामाचा, ते पटतं. अम्मीचा फोन आता रात्री इशाच्या वेळी साठ टक्के दाखवतो, आणि ते साठ खरे असतात.

३१ मार्चला ईद झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याला गेलो आणि शिरखुर्म्याचा डबा घेऊन त्या दुकानात गेलो. या वेळी धाकट्यालाही सोबत नेलं. दुकानात तीन गिऱ्हाईकं होती. आम्ही त्यांच्यासमोर, ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं की आम्ही तुझ्यावर चोरीचा आळ घेतला होता, तो खोटा होता, आम्हाला माफ कर. पोरगा अवघडला. डबा घेतला, काऊंटरच्या खाली ठेवला आणि म्हणाला, "जाऊ द्या न सर. रोज कोणी ना कोणी म्हणतेच."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आम्ही विचारलं, त्या दिवशी स्टुलावर बसलेले काका कोण होते? तो म्हणाला, "ते अकोट फैलाकडचे. डिस्प्ले टाकायला आणला होता, अठराशेचं काम होतं. तुमचं ऐकून फोन परत घेऊन गेले. नंतर आले नाहीत." त्याने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, विचारलं म्हणून सांगितलं. अठराशे रुपये त्याच्या किती दिवसांची कमाई असेल, याचा हिशेब आमच्यातल्या एकाने मनात केला, तो दुसऱ्याला सांगितला नाही. आणि काकांनी घरी जाऊन, मशिदीच्या ओट्यावर, चहाच्या टपरीवर आणखी किती जणांना सांगितलं असेल, त्याचा हिशेब करताच येत नाही.

काकांचं नाव त्याला माहीत नव्हतं. नंबर घेतलेला नव्हता. त्यानंतर आम्ही चार-पाच वेळा अकोल्याला गेलो. एकदा अकोट फैलात दोन दुरुस्तीच्या दुकानांत चौकशीही केली, हिरव्या कव्हरचा, फुटलेल्या पडद्याचा फोन घेऊन कुणी वयस्क माणूस आला होता का म्हणून. दुकानदार हसले. असे दिवसाला दहा येतात, म्हणाले. अम्मी आता खालाजानबरोबर भाजीला निघाली की वाटेत लोकांच्या हातातले फोन पाहते. धाकट्याने तिला सांगून ठेवलं आहे, हिरवं कव्हर, कडेला पांढरं पडलेलं.